बेटावरचे शब्द

नातीच्या शाळेतून दर सोमवारी एक कागद घरी यायचा. कागदावर डावीकडं दहा शब्द आणि उजवीकडं दहा रिकाम्या ओळी. अर्थ लिहायचे, प्रत्येक शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा आणि शुक्रवारी परीक्षा द्यायची. फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाखाली तो कागद आठवडाभर लटकलेला असे आणि येताजाता घरातलं कुणी ना कुणी त्यावरून तिला हटकत असे. ‘लेअर म्हणजे काय गं?’ दूध पिता पिता ती सांगायची, जंगली प्राण्याची राहायची जागा. सांगायची अर्थात इंग्रजीत, आणि डोळे टीव्हीवर.

तीन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी सहा महिने लेकीकडं, दक्षिण कॅलिफोर्नियात राहायला गेले होते. नात तेव्हा चौथीत होती. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. त्यामुळं इतक्या दूर तो कागद पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग! हेच तर मी जन्मभर केलं होतं. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची आणि धड्याला हात घालण्याआधी मुलांकडून शब्दार्थ उतरवून घ्यायचे. धडा मग वाचला काय नि न वाचला काय, शब्दार्थ पाठ असले की पास होण्यापुरती निश्चिंती.

ते शब्द ज्या पुस्तकातले होते ते पुस्तक मात्र मला नवं होतं. स्कॉट ओडेल या लेखकाची ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ ही कादंबरी. १९६० साली प्रसिद्ध झालेली आणि पुढच्याच वर्षी बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालेली. कॅलिफोर्नियात चौथीच्या वर्गात त्या राज्याचा इतिहास शिकवतात, त्याच्या जोडीनं ही कादंबरी वाचून घेण्याची पद्धत पुष्कळ शाळांत आहे. गोष्ट अशी: एका बेटावर पाणमांजरांच्या कातड्यांसाठी शिकारी येतात, बेटावरच्या लोकांशी त्यांचं भांडण होतं, बरीच माणसं मारली जातात. उरलेले लोक पुढं एका जहाजातून बेट सोडून निघतात. बारा वर्षांची कराना जहाजावर चढते आणि तिच्या लक्षात येतं की धाकटा भाऊ किनाऱ्यावरच राहिला आहे. ती पाण्यात उडी टाकते. जहाज निघून जातं. थोड्याच दिवसांत रानटी कुत्री भावाचा जीव घेतात आणि मग ती मुलगी त्या बेटावर अठरा वर्षं एकटी राहते.

लेक-जावई दोघंही कामावर. संध्याकाळी नातीकडून पुस्तक वाचून घेण्याचं काम आपसूक माझ्याकडं आलं. पहिल्या शुक्रवारी तिला दहापैकी दहा मिळाले. मला वाटलं, झालं, आजीच्या शिकवण्याचं सार्थक झालं. रात्री सहज विचारलं, ‘कराना भाल्याचं टोक काठीला कशानं बांधते?’ ती म्हणाली, ‘दोरीनं.’ म्हटलं, ‘दोरी कुठली बेटावर? दुकान आहे का?’ ती गप्प. बरं, ‘सिन्यू’ हा शब्द त्याच आठवड्याच्या कागदावर होता आणि त्याचा अर्थ तिनं बिनचूक लिहिला होता: स्नायू आणि हाड यांना जोडणारा धागा. अर्थ तोंडपाठ होता, पण कराना जेव्हा प्राण्याच्या अंगातला तो चिवट धागा घेऊन भाला बांधायला बसते तेव्हा हाच तो शब्द, हे तिच्या गावीही नव्हतं. कागदावरचा शब्द कागदावर राहिला होता आणि पुस्तकातला पुस्तकात.

त्या रात्री मला माझे चौतीस वर्षांचे फळे आठवले.

दुसऱ्या आठवड्यापासून मी एक लबाडी केली. कागद सोमवारी आला की मी तो कपाटावर ठेवून द्यायची. आधी गोष्ट वाचायची, कागद गुरुवारी खाली काढायचा. नात अडली तर थांबायचं, नाही अडली तर मीही थांबायचं नाही. आणि गंमत अशी की ती फार थोड्या ठिकाणी अडायची. मुलं अनोळखी शब्दाला आपल्याइतकी घाबरत नाहीत. शब्द कळला नाही तरी काय चाललंय ते कळतं, आणि काय चाललंय ते कळलं की शब्दाचा अर्धामुर्धा अर्थ आपोआप लागतो. एकटं राहून जगण्याच्या गोष्टींत तर हे विशेष घडतं, कारण अशा गोष्टींत प्रत्येक वस्तूला काही ना काही काम असतं. घर बांधायचं, कुंपण घालायचं, होडीच्या फटी बुजवायच्या, खाण्याचा साठा करायचा. देवमाशाच्या बरगड्या म्हणजे कुंपण. केल्प म्हणजे त्या समुद्रात वाढणारं लांबच लांब शेवाळ, तेही बांधायला उपयोगी. ‘सायसाय’ नावाचे लहान मासे म्हणजे दिवा. ते इतके तेलकट की सुकवून पेटवले की जळत राहतात. हा शब्द तर शाळेच्या कागदावर नव्हताच. पण तो तिला एकदा वाचून पाठ झाला आणि रात्री दिवा मालवताना ती ‘आजी, सायसाय विझव’ म्हणायला लागली.

लहानपणी मी स्वतः ‘रॉबिन्सन क्रूसो’ वाचला तो मराठीतल्या एका पातळशा संक्षिप्त पुस्तकात. त्यात एक वाक्य होतं, अशा अर्थाचं, की मग त्याने मातीची भांडी तयार केली. बस्स, एवढंच. पुढं नोकरीत असताना डिफोचं मूळ पुस्तक वाचलं (ते १७१९ सालचं) आणि थक्क झाले. भांड्यांसाठी तो बिचारा किती खटपट करतो! माती शोधतो, खणतो, मळतो. भांडी वेडीवाकडी होतात, उन्हात तडकतात, आपल्याच वजनानं बसतात. कितीतरी दिवसांनी, विस्तवात चुकून भाजला गेलेला एक तुकडा पाहून त्याला मडकं भाजण्याची युक्ती सुचते. संक्षेप करणाऱ्यानं मुलांना कठीण जाऊ नये म्हणून हे सगळं गाळलं असणार. हेतू चांगलाच. पण गाळलं काय, तर माती, मळणं, थापणं, तडकणं, भाजणं, ज्या शब्दांसाठी पुस्तक वाचायचं नेमके ते. उरलं काय, तर वादळ, बेट, जहाज आणि सुटका. सोपं करण्याच्या नादात मुलांच्या पुस्तकांतून आपण कामं काढून टाकतो आणि मग त्यांच्याजवळ शब्द नाहीत म्हणून याद्या करून देतो.

क्रूसोवरून आणखी एक आठवलं. त्याला फ्रायडे भेटतो. क्रूसो त्याचं नाव विचारत नाही, वाराचं नाव देऊन टाकतो. त्याला पहिले शब्द शिकवतो त्यांत ‘मालक’ हा एक, ‘हो’ आणि ‘नाही’ हे आणखी दोन. फ्रायडेच्या भाषेतला शब्द शिकायचं क्रूसोच्या मनातही येत नाही. करानाच्या गोष्टीत असाच प्रसंग आहे, पण वेगळा. शिकाऱ्यांबरोबर तुतोक नावाची एक मुलगी बेटावर येते. शत्रूची मुलगी. दोघी एकमेकींना भितात, मग हळूहळू जवळ येतात. एखाद्या वस्तूकडं बोट दाखवायचं, एकीनं आपल्या भाषेत तिचं नाव सांगायचं, दुसरीनं आपल्या, आणि दोन्ही शब्द इतके निराळे म्हणून खळाळून हसायचं. शेवटी कराना तिला आपलं गुप्त नाव सांगते, जे तिच्या समाजात परक्याला सांगायचंच नसतं. शब्द शिकवण्याच्या या दोन तऱ्हा. मी वर्गात बहुतेक क्रूसोच होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नातीला सगळ्यात मजा कशात आली म्हणाल, तर एका पाणमांजराच्या नावात. जखमी झालेल्या पाणमांजराला कराना मासे घालून वाढवते आणि त्याचं नाव ठेवते मोन-अ-नी, म्हणजे मोठ्या डोळ्यांचा मुलगा. नंतर कळतं की तो मुलगा नव्हे, तिला पिल्लं झाली आहेत! मग नाव बदलून होतं वोन-अ-नी. नात दोन मिनिटं गप्प बसली आणि ओरडली, ‘आजी, मोन म्हणजे मुलगा, वोन म्हणजे मुलगी!’ करानाचं चारचौघांतलं नाव ‘वोन-अ-पा-लेई’, लांब काळ्या केसांची मुलगी. त्यातही वोन! पानं मागं उलटून तिनं स्वतः पडताळा घेतला. शाळेत व्याकरणाचा तास असा कधी झाला असता तर? ही भाषा लेखकानं कल्पनेनं रचलेली आहे, हे मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. ते पुढं सांगावंच लागलं.

कारण गोष्ट खरी आहे आणि खऱ्या गोष्टीत भाषेचं जे झालं ते लेखकाला पुस्तकात घालता आलं नाही.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आठ बेटं आहेत. त्यांतलं सान निकोलस हे किनाऱ्यापासून सर्वांत दूर, सुमारे शंभर किलोमीटरवर. आज ते अमेरिकी नौदलाच्या ताब्यात आहे, आपल्यासारख्यांना तिथं जाता येत नाही. १८१४ साली पाणमांजरांच्या शिकाऱ्यांनी तिथल्या लोकांची कत्तल केली. उरल्यासुरल्यांना १८३५ साली जहाजातून मुख्य भूमीवर नेण्यात आलं. एक बाई मागं राहिली. १८५३ साली जॉर्ज निडेव्हर नावाच्या शिकाऱ्याला ती सापडली, तेव्हा ती देवमाशाच्या हाडांच्या आडोशाला बसून सीलच्या कातड्याची चरबी खरवडत होती. अंगात पाणकावळ्यांच्या पिसांचा झगा. परके पुरुष पाहून ती पळाली नाही, हसली, बोलली, विस्तवात कंद भाजून तिनं पाहुण्यांना खायला दिले. निडेव्हर तिला सांता बार्बराला आपल्या घरी घेऊन आला. गावातले लोक तिला पाहायला येत, ती त्यांना गाऊन नाचून दाखवी, मिळालेल्या भेटी मुलांना वाटून टाकी. सुमारे सात आठवड्यांत ती वारली. मरताना तिला बाप्तिस्मा देऊन हुआना मारिया असं नाव ठेवण्यात आलं. तिचं स्वतःचं नाव काय होतं, ते कुणाला कळलंच नाही.

तिची बोली समजेल असं कुणी सापडावं म्हणून आसपासच्या आदिवासींना बोलावण्यात आलं होतं. नीटशी कुणालाच समजली नाही, अशी नोंद आहे. तिच्या तोंडचे चार शब्द तेवढे कुणीतरी टिपून ठेवले. तोका म्हणजे कातडं. नाचे म्हणजे माणूस. तोयग्वा म्हणजे आभाळ. पुउचे म्हणजे शरीर. शिवाय एक गाणं कानोकानी उरलं, ते १९१३ साली हॅरिंग्टन या भाषाअभ्यासकानं मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित करून घेतलं. तिच्या बेटाच्या बोलीची बाकी उरलेली इस्टेट ही एवढी. याहून चटका लावणारी गोष्ट अलीकडची आहे. तिचे लोक जहाज बुडून मेले, असं कादंबरीच्या शेवटी म्हटलं आहे आणि पुष्कळ वर्षं तसंच मानत होते. पण २०१६ साली काही संशोधकांनी लॉस एंजेलिसमधल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून त्या बेटावरच्या माणसांचा माग काढला. काहीजण तिथं येऊन वसले होते आणि त्यांतला निदान एक ती बाई सांता बार्बराला आली त्या सुमारास हयात असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे दीडएकशे किलोमीटरवर तिची भाषा बोलणारं माणूस होतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

एका रविवारी आम्ही सगळे सांता बार्बराचं जुनं मिशन पाहायला गेलो. तिला तिथल्याच दफनभूमीत पुरलं आहे. नेमकी जागा कळत नाही, १९२८ साली बसवलेली एक पाटी तेवढी आहे. पाटीसमोर उभं राहून नातीनं विचारलं, ‘मग वोन?’ मी म्हटलं, ‘वोन लेखकानं तयार केलेला शब्द. खरे फक्त चार.’ तिनं ते चार पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. परतताना गाडीत ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘चारच का लिहिले? विचारायचे ना अजून.’ चौथीतल्या पोरीचा प्रश्न, पण मला त्याचं उत्तर आलं नाही.

मी मात्र मनात दुसराच हिशोब करत होते. माझ्या नातीचं मराठी जर कुणी टिपून ठेवायचं ठरवलं तर काय काय मिळेल? ये. बस. जेव. नको. लवकर. हात धू. झोप आता. आंघोळ. पोळी. पुरे. सगळे शब्द एक तर स्वयंपाकघरातले नाही तर हुकुमाचे. आपण तिला मराठीत फक्त आज्ञा देतो, गोष्टी सगळ्या इंग्रजीत सांगतो. तिचं चुकतंय कुठं? जी भाषा फक्त ‘हे कर, ते करू नको’ सांगते, ती कुठलं मूल आवडीनं बोलेल? आणि हे काही कॅलिफोर्नियातच चालतं असं नाही. पुण्या-मुंबईत, अहो रत्नागिरीतही, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांशी आपण मराठीत किती वाक्यं बोलतो आणि त्यांतली हुकुमाची किती, हे एक दिवस मोजून पाहण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? जित्याची खोड! दहा मराठी शब्दांची यादी केली आणि फ्रीजवर इंग्रजी कागदाशेजारी लावली. नातीनं दोन दिवस मान राखला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘आजी, एक होमवर्क पुरे नाही का?’ (‘पुरे’ तिला येत होतं, हे वर सांगितलंच आहे.) यादी मी मुकाट्यानं काढली.

मग मराठी आलं ते करानाच्या मागून, काम काढून. ‘मेसा’ हा शब्द आला तेव्हा कागदावर अर्थ होता सपाट माथ्याची टेकडी. करानाचं गाव अशाच जागेवर, वर उघडं आभाळ आणि भणाणतं वारं. मी एकदम म्हटलं, ‘अगं, हा तर आपला सडा!’ खाली खाडी, मध्ये घाटी आणि वर जांभ्या दगडाचा सपाट सडा. मी तिथं कशी शाळेत चालत जायची, पावसाळ्यात त्याच कातळावर कशी फुलं येतात, ते सांगत सुटले. गोष्ट अर्धी राहिली. ‘सिन्यू’ला मला शब्द सुचेना. रात्री अंथरुणावर आठवला, तात. लहानपणी दारावर पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीची ती तात, आतड्याची किंवा स्नायूची वळलेली दोरी. टण्‌ टण्‌ आवाज करून दाखवला तेव्हा तात तिला पटली. कॉर्मोरंट म्हणजे पाणकावळा हे ऐकून ती हसत सुटली, ‘म्हणजे वॉटर-क्रो? इतकं सोपं?’ होय बाई, इतकं सोपं. इंग्रजीला तिथं लॅटिनकडं जावं लागलं. मराठीनं काळा पक्षी पाण्यात बुडी मारताना पाहिला आणि नाव देऊन टाकलं.

सगळ्यांना प्रतिशब्द सापडले असं नाही, आणि सापडलेच पाहिजेत असंही नाही. ॲबलोनी या शिंपल्याला आमच्याकडं नाव नाही, कारण तो प्राणीच आमच्या किनाऱ्यावर कुणी खात नाही. मी त्याचा उच्चार ‘अबेलोन’ केला होता. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला नातीनं शांतपणे दुरुस्त केलं. त्या दिवशी ती फार खूष होती. करानानं ॲबलोनी सुकवत घातले आणि समुद्रपक्ष्यांना भिववायला चकचकीत शिंपले दोरीला टांगले, हे वाचलं तेव्हा मला उन्हात घातलेले पापड आणि त्यांची कावळ्यांपासून राखण करणारी मी, फ्रॉकमधली, आठवले. कॅलिफोर्नियाचं ऊन वाया का घालवा म्हणून आम्ही बाल्कनीत पोह्याचे पापड घातले. वाळत घालणं, उलटणं, राखण. ‘राखण’ हा शब्द तिनं मला दोनदा विचारला आणि तिसऱ्यांदा स्वतः वापरला, ‘आजी, तू जेव, मी राखण करते.’ खरं म्हणजे तिथं एक कावळा फिरकला नाही.

गाठींचं सांगायलाच हवं. भाल्याचं टोक आपणही बांधून पाहू म्हणून आम्ही एक काडी आणि सुतळी घेतली. इंग्रजीत तिच्याजवळ गाठीला एकच शब्द. मी तिला निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक बोटांनी दाखवला, एक ओढली की आवळते, दुसरी ओढली की सुटते. मग गुंता झाला, मग उकल झाली. चार शब्द, अर्धा तास. माझ्या पद्धतीनं फळ्यावर अर्ध्या मिनिटात झाले असते आणि शनिवारी पुसले गेले असते.

शेवटच्या चाचणीत तिनं ‘सिन्यू’चा अर्थ असा लिहिला: प्राण्याच्या आतला धागा, भाला बांधायला लागतो, ओला असताना बांधला तर वाळून घट्ट बसतो. बाईंनी अर्धा गुण कापला. लेक चिडली, मीही आतून चिडले. पण बाईंच्या जागी मी असते तर मी पूर्ण कापला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तीस मुलांचे कागद तपासायचे तर उत्तर ठरलेलं असावं लागतं. यादीचं ते बळ आहे आणि तेवढ्यापुरती ती असू द्यावी, गोष्ट वाचून झाल्यावर, उजळणीला. माझं भांडण एवढंच की यादी आधी येते. जेवायच्या आधी मुलाला पदार्थांची नावं घोकायला लावून, मग भूक का लागत नाही म्हणून आपण डॉक्टरांकडं जातो.

पालक मला अजूनही विचारतात, ‘मुलाचं शब्दभांडार वाढायला काय करावं?’ शब्दांची कार्डं, मोबाइलवरचे खेळ, रोज पाच नवे शब्द, काय काय चाललेलं असतं. मी म्हणते, असं पुस्तक घ्या ज्यात कुणाला तरी काहीतरी करायचं आहे आणि ते केल्याशिवाय भागणार नाही. ते मोठ्यानं वाचा. काटछाट केलेलं घेऊ नका, मुलाला जड जाईल म्हणून पानं गाळू नका. मध्ये थांबून परीक्षा घेऊ नका. आणि तुम्हाला एखादा शब्द येत नसेल तर तसं मुलाला सांगा. माझ्या नातीनं ‘ॲबलोनी’ मला शिकवला त्या दिवसापासून माझ्याकडून मराठी घ्यायला ती जास्त राजी झाली, हा योगायोग नव्हे. करानाला आणि तुतोकला हे कुणी न सांगता कळलं होतं.

सहा महिन्यांनी मी परत आले. आता बोलणं होतं ते पडद्यावर, रविवारी सकाळी. तिथं तेव्हा शनिवारची रात्र असते. नात सातवीत आहे, मैत्रिणी आहेत, पोहण्याचा क्लास आहे, आजीसाठी वेळ पाच-सात मिनिटं. मराठी पुन्हा ‘हो’, ‘बरी आहे’, ‘जेवले’वर आलं आहे. मी तिकडं असताना जे शिकली ते टिकलं का, हे मी विचारत नाही. विचारलं तर ती परीक्षा होईल.

मागच्या महिन्यात तिनं न सांगता एक फोटो पाठवला. समुद्रातल्या धक्क्याच्या खांबावर काळा पक्षी, दोन्ही पंख पसरून उभा. खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘पानकावला’. ण आणि ळ इंग्रजीत कुठून आणणार! मी उत्तर दिलं, ‘हो गं, तोच. पंख वाळवतोय.’

थोड्या वेळानं तिचा प्रश्न आला, ‘पापडासारखे?’